लेकीचं बाळंतपण

हिराताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. घोट्यापाशी सूज दिसली, की बाई गरोदर असो, कुणाची सासू असो नाहीतर सरपंचीण असो, तिथंच थांबवून अंगठ्यानं दाबून बघणार. मग हात वर जायचा. समोरचीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत लाली किती आहे ते पाहणार. एवढं उरकलं की विचारणार, "कशी हायस गं?" उत्तर ऐकायला ती थांबत नसे. तिला हवं ते कळलेलं असायचं.

कोऱ्हाळे बुद्रुक हे तिचं माहेर. तिथल्या एका लग्नाला ती मला ओढून घेऊन गेली होती. अक्षता पडल्या, आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. फोटोवाला "इकडं बघा" म्हणाला आणि नेमकी तेव्हाच हिराताईनं नवरीची पापणी खाली ओढली. फोटो तसाच निघाला.

"रगात न्हाय पोरीच्या अंगात," ती नवऱ्यामुलाच्या आईला म्हणाली. "मुंडावळ्या बांधल्या, गोळ्या कोन देनार?"

ती बाई भडकली. "आमच्या सुनंला काय बैलबाजारात बघायला आलाय व्हय?"

"बैल घेताना तुमी दात बघून घेता की. सून तरी बघून घ्यायची."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जेवायचं सोडून मी तिला मांडवाबाहेर काढलं. आठवड्याभरात तीच सासू सुनेला घेऊन आमच्या दवाखान्यात आली आणि हिराताईनं तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, वर खजूर खा, गूळ खा, चहा कमी कर हे सगळं ऐकवलं. त्या सासूलाही सूज होतीच. तिलाही बसवून ठेवलं.

मी भवानीनगरची. आमचे मालक साखर कारखान्यात. हिराताई अंथुर्ण्याची. इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आम्ही दोघींनी जन्म काढला. ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी आणि ते रोज जाणवून देणारी. आमचं फार पटायचं असं मी म्हणणार नाही. पटायला दोघींनाही बोलायला मिळावं लागतं.

नोकरीत असेतो पांढरी साडी नेसावी लागली याचा तिला इतका राग, की रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती पोपटी, जांभळी, मोरपंखी अशा साड्यांवर तुटून पडली. तिचे यजमान तात्या म्हणायचे, "हिच्याकडं बघून आमची जनावरं बुजत्यात." तात्या बारीक चणीचे, हळू बोलणारे, पण बोलले की टोला बसलाच. या दोघांना मूल नव्हतं. एक मुलगी झाली होती, ती बारशाआधीच गेली. त्याबद्दल हिराताई कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

सत्कार झाला, शाल आणि नारळ घेऊन ती घरी गेली, आणि पंधरा दिवसांत तिला घर खायला उठलं. आमच्या दवाखान्यात पूर्वी असलेल्या एक डॉक्टरबाई आता बारामतीत राहतात. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. परदेशातल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांना मदतीसाठी नर्स पाठवणारी एक संस्था होती, तिचं इकडचं काम मॅडम बघत. त्यांनी हिराताईला बोलावून विचारलं, "आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे. सहा महिने जाल का? पगार नाही. राहणं-खाणं मिळेल."

"तितं बाया बाळंत हुत्यात का?"

"होतात की."

"मंग जाती."

यापलीकडे तिनं काहीही विचारलं नाही. तो देश कुठल्या बाजूला आहे हे मी तिला कारखान्याच्या शाळेतल्या नकाशावर दाखवलं, तर म्हणाली, "लांब हाय, पन सरळ हाय." तात्या म्हणाले, "जा. मला तरी दोन घास शांतपनी खाऊ दे." आणि बारामतीच्या स्टँडवर बस हलल्यावर हेच तात्या धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत मला सांगत होते, की धूळ लई हाय बघा हितं.

इंग्रजी तिला यस आणि नो एवढंच यायचं, आणि त्यातलं नो जास्त. तिकडची भाषा तर दूरच. तिनं आपली मराठीच चालवली. "कळ दे, कळ दे! आता थांब. श्वास घे. रडायचं मागनं, रडायला लई येळ हाय." बायका तिच्या तोंडाकडे बघून बरोबर कळ द्यायच्या म्हणे. मला ते पटतं. तिच्या आवाजाला इथंसुद्धा मूल आपणहून बाहेर यायचं.

पण पहिल्याच खेपेला तिनं एक घोळ घातला, आणि तो आपल्याकडच्या बाईनंच घालावा असा होता. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. घरातल्या म्हातारीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची दुपटी करायची. म्हातारीचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात, आणि नव्या कापडाची खळ अंगाला टोचते हे दुसरं कारण. हिराताईनं अंथुर्ण्यात घरोघर फिरून जुनी लुगडी गोळा केली. नव्वदीला टेकलेल्या गंगूआजीनं पेटीतलं शेवटचं लुगडं दिलं. गुऱ्हाळाची काहील मागून आणून त्यात ती सगळी उकळली, उन्हात वाळवली, आणि स्वतःच्या साड्या कमी करून बॅगेत भरली.

तिकडे पहिलंच बाळंतपण झालं. त्या बाईनं बाळासाठी नवंकोरं, रंगीत फुलांचं कापड आणलं होतं. हिराताईनं ते बाजूला सारलं आणि पोराला गंगूआजीच्या विटक्या लुगड्यात गुंडाळलं. बाळाची आजी पुढे आली, तिनं ते लुगडं सोडून जमिनीवर टाकलं आणि काहीतरी बोलून निघून गेली. तिथल्या तरुण नर्सनं, एस्तेरनं, खाणाखुणा करून अर्थ सांगितला: आम्ही गरीब आहोत, भिकारी नाही.

हिराताईनं मला फोन केला आणि लहान पोरीसारखी रडली. "गंगूआजीचं लुगडं टाकलं गं तिनं भुईवर."

मी म्हटलं, "परक्याच्या घरी चिंध्या घेऊन जायची अक्कल तुला कुणी दिली?" माझी जीभही काही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एस्तेरला मध्ये घातलं आणि त्या आजीला विचारलं, तुमच्या घरात सगळ्यात वयानं मोठं कोण? आजीनं अंगणात बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईकडे बोट केलं. हिराताई त्या म्हातारीपुढे उकिडवी बसली, तिच्या कमरेच्या कापडाला हात लावला, मग बाळाच्या कपाळाला. एस्तेर समजावत होती. म्हातारीला आधी कळलं. तिनं कमरेचं वरचं कापड सोडलं आणि स्वतःच्या हातानं फाडून दिलं. पुढे पुढे त्या दवाखान्यात बाळ झालं, की कुणाच्या आजीचं कापड आधी यावरून भांडणं लागायला लागली. अंथुर्ण्याची लुगडी खाटांवर अंथरायला गेली.

एस्तेरविषयी सांगायला हवं. त्या दवाखान्यातली शिकलेली नर्स ती एकटीच. दुसरा मोझेस, तो लसी टोचायचा आणि बाकी पडेल ते करायचा. एस्तेरचा नवरा दुसऱ्या देशात खाणीत कामाला, वर्षातून एकदा येणारा. हिराताई तिथं असतानाच एस्तेरचं पहिलं बाळंतपण झालं. मूल मेलेलंच आलं, आणि मागोमाग रक्तस्राव सुरू झाला. इंजेक्शन दिलं तरी थांबेना. एक मूठ आत, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबून धरलेलं, अशी हिराताई गाडी येईपर्यंत आणि शहरातल्या दवाखान्यापर्यंत तिच्याबरोबर खड्ड्यांच्या रस्त्यानं गेली. एस्तेर वाचली. हिराताईचा हात पुढे चार दिवस वर होत नव्हता.

तेव्हा तिनं एस्तेरला सांगून टाकलं, की पुढचं बाळंतपण माझ्याकडे. आमच्यात लेकीचं बाळंतपण आई करते. एस्तेरची आई कधीच गेली होती. तिनं हिराताईला आई म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या भाषेत 'अमायी'. हिराताई पुन्हा दोनदा जाऊन आली, आणि तोवर या पोरीनं मराठीही उचलली: पोट चोळ, कळ दे, रडू नको, च्या घे. फोनवर मला "मंगल मावशी, च्या घे" म्हणायची. जिला मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, अशी ती एकच भाची मला आहे. होती.

गावाला हे काही फार रुचलेलं नव्हतं. अंथुर्ण्यातही नर्सची जागा रिकामीच होती. पिठाच्या गिरणीत एका पोरसवदा सुनेनं तिला तोंडावर विचारलं, "आमच्या बाया जीपमदी बाळंत हुत्यात, आन् तुमी आफ्रिका सुधरवायला जाता व्हय?"

हिराताईनं दळणाचा डबा खाली ठेवला.  मग म्हणाली, "खरं हाय तुजं. पन हितं एक गाडी आली न्हाय तर दुसरी येती. तितं पैलीच येत न्हाय."

तिचं हे उत्तर पुरं होतं असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नसावं, कारण इकडे असली की बोलावणं आल्यावर कुणाच्याही वस्तीवर ती चालत जायची, आणि गिरणीतल्या त्या सुनेच्या वेळीही गेली.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदमच झाल्या. तात्यांची एक बाजू गेली, अर्धांगवायूनं. आणि मॅडमच्या त्या संस्थेला बाहेरून येणारी मदत आटली. नर्स पाठवणं थांबलं, औषधं पाठवणंही थांबलं. मलावीच्या दवाखान्यात एस्तेर आणि मोझेस दोघंच उरले, आणि कपाटं रिकामी होत चालली.

हिराताई वेड्यासारखी झाली. सकाळी तात्यांना पुसून, भरवून, पुतण्याच्या बायकोला त्यांच्यापाशी बसवून ती माझ्या दारात यायची. "चल मंगल." बारामतीतले डॉक्टर, औषधांची मोठी दुकानं, कारखान्याचं ऑफिस, कुठं जायचं आम्ही ठेवलं नाही. सगळे बसा म्हणाले, सगळ्यांनी चहा दिला. बारामतीत इतका चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. मग प्रत्येक जण कळवळून तेच विचारायचा, आपल्याकडंच काय कमी आहे का बाई? एकानं इंजेक्शनं द्यायची तयारी दाखवली, तर मॅडम म्हणाल्या, रक्त थांबवायचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागतं, परवानगी लागते, तुम्हाला ते असं पाठवता येणार नाही. त्या दिवशी परत येताना उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे आमची गाडी अडकली. हिराताई सीटच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू तिनं ढकलल्यानं ट्रॉली पुढे सरकणार होती.

आणि मग एस्तेरचा फोन आला, की दिवस गेले आहेत.

हिराताईनं ते मला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, निव्वळ भीती होती. पहिल्या वेळी ज्या बाईला एवढा रक्तस्राव झाला, तिला दुसऱ्यांदा होण्याचा धोका मोठा. तिनं मोठ्या दवाखान्यातच बाळंत व्हायला हवं. पण एस्तेर गेली तर तिच्या मागे दवाखान्यात कुणी नाही. ती म्हणायची, अमायी, तू ये. तू आलीस की तुझ्या हातात किल्ली देऊन मी शहराला जाते. दिवस भरायच्या आधी हिराताईनं तिथं पोचायचं, एवढंच आता करायचं होतं. सगळं त्यावर येऊन थांबलं होतं.

तात्यांपुढे हा विषय काढायचा तिला धीर होत नव्हता. तात्यांनीच काढला. जड जिभेनं, एकेक शब्द वेचून म्हणाले, "लेकीचं... बाळंतपन हाय. जा." मी म्हटलं, तात्या, मी येऊन राहते तुमच्यापाशी. तर म्हणाले, "तुज्या हातचं खाऊन... मी आठ दिसांत जाईन." आम्ही दोघी हसलो. ते फार दिवसांनी हसलो होतो.

मॅडमनी ओळखीपाळखीनं तिकिटाचं, व्हिसाचं जमवलं. बॅग भरून झाली. आणि निघायच्या चार दिवस आधी, सकाळचा चहा पिऊन तात्या गेले. कप हिराताईच्या हातातच होता.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तू ठरल्या दिवशी जा. मी बसते इथं."

"तीनदा सोडून गेले त्यांला मी," ती म्हणाली. "तेराव्यापतोर बसती. दिस हायत अजून तिचं."

दिवस होते, हे खरंच होतं. तेरावा करून निघाली असती तरी हिशेबानं एस्तेरला वेळ उरत होता. मॅडमनी तिकीट पुढे ढकललं. हिराताईनं एस्तेरला फोन करून सांगितलं, माझी वाट बघू नको, तू शहराला जाऊन राहा. एस्तेर हो म्हणाली. पण दवाखान्यात बायका खोळंबल्या होत्या, कुणी आठव्या महिन्यातली, कुणी नवव्या. ती गेली नाही. हिराताईच्याच हाताखाली शिकलेली पोर ती.

सातव्या दिवशी दुपारी ओसरीवर दुखवट्याला आलेल्या बायका बसल्या होत्या. हिराताई भिंतीला टेकून, कपाळ मोकळं. कुणीतरी तात्यांची आठवण काढत होतं. फोन वाजला. मोझेस होता, व्हिडिओवर. एस्तेरला दिवस भरायच्या आधीच, पहाटेपासून कळा लागल्या होत्या. तिकडे पावसाळा, नदीला पूर, गाडी पलीकडच्या काठावर अडकलेली.

मी मोझेसशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होते. हिराताईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि मराठीत सुरू केलं. पलीकडून एस्तेरचा आवाज आला, "अमायी." ती शुद्धीत होती, आणि हिराताई सांगेल ते मोझेसला स्वतःच सांगत होती. स्वतःचं बाळंतपण ती स्वतःच करवून घेत होती. मूल झालं. रडलं. ओसरीवर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुतकाच्या घरात पोराचं रडणं ऐकून काय करावं हे कुणालाच कळेना. एक म्हातारी हळूच म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "मुलगी."

वारही पडली. आणि मग रक्त सुरू झालं.

"पोट चोळ!" हिराताई ओरडली. "मोझेस, चोळ! जोरानं! एस्तेर, त्याला सांग, थांबू नको म्हनावं. पोरीला छातीला लाव. मोझेस, एस्तेरची लघवी काढ. चोळ!" इंजेक्शन आहे का, मी इंग्रजीत विचारलं. मोझेस म्हणाला, नाही, संपलं, कधीचंच संपलं. हिराताईनं त्याला मूठ कशी धरायची ते फोनसमोर करून दाखवलं. तिचा डावा हात हवेत खालून वर, उजवा वरून खाली, असा मधलं काहीतरी दाबत होता. तिथं काहीच नव्हतं. मला ते बघवत नव्हतं, पण नजरही हलत नव्हती.

मग तिकडे कुणीतरी फोन खाली ठेवला. आम्हाला पत्र्याचं छप्पर दिसत राहिलं आणि त्यावर पडणारा पाऊस ऐकू येत राहिला. हिराताई बोलतच होती. "चोळ. सोडू नको. एस्तेर, डोळं उघड. अगं डोळं उघड, मी येतीया. निघालीया मी." तिची जाऊ आतून येऊन उभी राहिली होती, तिनं पदर तोंडात धरला होता. अंगणातून तात्यांचे थोरले भाऊ, आबा, पायरीपाशी आले आणि तिथंच उभे राहिले.

बऱ्याच वेळानं मोझेसनं फोन उचलला. त्यानं मान हलवली. मुलगी ठीक आहे, म्हणाला. एवढंच म्हणाला.

हिराताई रडली नाही. उठली, परसात गेली आणि डोक्यावरून गार पाण्यानं आंघोळ केली. आपल्यात जवळचं कुणी गेल्याचं कळलं की करतात तशी. बायकांना ते कळलं. जिचं नावही त्यांनी नीट ऐकलं नव्हतं, ती परदेशातली पोर हिराताईची लेक होती, हे त्या दिवशी अंथुर्ण्याच्या ओसरीला पहिल्यांदा पटलं.  जावेनं तिला कोरडी, साधी साडी नेऊन दिली.

ओल्या केसांनीच ती आबांपुढे येऊन बसली. "आबा, मी उद्या निघती."

आबा काही वाईट नाहीत. त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "आता कुनासाठी जातीस? ती पोरगी तर गेली. निदान धावा तरी हू दे. लोक काय म्हनतील?"

"आबा, बाळंतीन गेली म्हनून बाळंतपन सरत न्हाय. पोरगी हाय तितं. तिला सव्वा म्हैना तरी कुनी बघायला नगं का?"

"सव्वा म्हैन्यानं काय हुतंय?"

"ते मला म्हाईत न्हाय," हिराताई म्हणाली. "मला फकस्त एवडंच येतं."

 आबा उठले आणि पुतण्याला गाडी काढायला सांगून गेले.

पुढचं सांगायचं तर, मॅडमनी रातोरात तिकीट अलीकडे आणलं आणि ती पोचली. पोरगी जगली. सव्वा महिना कधीच उलटून गेला आणि ती आलेली नाही. कागदपत्रांचं काय केलं ते मॅडमना माहीत. दवाखान्यात औषधं अजून नसतात, कधी नदीपलीकडून थोडी येतात, कधी नाही. फोन लागला तर लागतो. तिचा आवाज थकलेला असतो आणि ती स्वतःबद्दल एक शब्द सांगत नाही. परवा म्हणाली, दोन बाया गेल्या या महिन्यात. मग लाइन तुटली. मला रात्री झोप लागत नाही, आणि कुणावर रागवावं तेही समजत नाही. गावात लोक म्हणतात, नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा थांबली नाही ती बाई. मी आता त्यांच्याशी भांडायचं सोडून दिलं आहे.

मी तिला शेवटची पाहिली ती बारामतीच्या स्टँडवर, सकाळी. पुतण्या आम्हाला सोडून परत गेला होता. मुंबईची बस लागलेली, माणसांची ही गर्दी. ती नेहमीची मोरपंखी नाही, जावेनं दिलेली ती साधी साडी नेसली होती. चेहरा इतका ओढलेला, की एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. मी तिला खिडकीपाशी बसवलं, पाण्याची बाटली दिली, खाली उतरले.  जपून जा म्हणाले. ती माझ्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग एकदम तिनं खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं.

"मंगल, धाव्याला तू नदीवर जा."

"जाते."

"कावळा शिवला न्हाय तर भावकी कायबाय कबूल करत बसंल. जमिनीचं, धाकट्या पुतन्याच्या लग्नाचं. त्यांचा जीव त्यात न्हाय. तू म्होरं हो आन् मोठ्यानं सांग, हिरा लेकीच्या लेकीकडं गेलीया म्हनावं."

मी हो म्हटलं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि बस स्टँडबाहेर पडली.